पेटी नंबर एक

“भिंग ठेव बाजूला. आधी नाक लाव,” प्रभुदेसाई सर म्हणाले.

मी वाकून नाक लावलं. समोरच्या लाकडी पेटीत मनगटापेक्षा जाड, गोल कापलेला ग्रॅनाइटचा दांडा पडला होता. गुलाबी, करडा, मध्ये अभ्रकाची चमक. त्याच्या अंगावरून एक तिरपी भेग गेली होती आणि भेगेच्या दोन्ही काठांना तपकिरी डाग होता. गॅरेजमध्ये शिरल्यावर येतो तसा वास आला.

“तेल आहे, सर.”

“मोठ्यानं बोल. गेली चौदा वर्षं हे वाक्य मला दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.”

“तेल आहे, सर!” मी ओरडलो. सर लहान मुलासारखे हसले आणि त्यांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की माझं नाक पुन्हा दगडावर आपटलं.

ही १९८७च्या जानेवारीतली गोष्ट. मुंबईपासून दीडशे किलोमीटरवर भर समुद्रात आमची तेलविहीर खणणारी रिग उभी होती. मी, उत्तम पाचपुते, पंचवीस वर्षांचा, संगमनेरचा, नोकरीत अजून कच्चा. प्रभुदेसाई सर त्या विहिरीचे मुख्य भूवैज्ञानिक. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. आमच्या धंद्यात तेव्हा एक रिवाज होता. चुनखडी, वाळूचा दगड, माती असं सगळं पार करून ड्रिल ग्रॅनाइटला लागलं की म्हणायचं, तळ लागला. मग पाच मीटर ग्रॅनाइट उगाच टोचायचा, कागदावर ‘बेसमेंट’ असं लिहायचं आणि बॅगा भरायच्या. ग्रॅनाइट म्हणजे घट्ट दगड, त्यात तेल राहायला जागाच नाही, हे आम्ही कॉलेजात पाठ केलेलं होतं.

सरांना ते मान्य नव्हतं. “भिंत ओली कशी होते रे?” ते विचारायचे. “पाणी काय भिंतीत जन्माला येतं? शेजारच्या मोरीतून येतं आणि तड्यांत बसतं. तसंच तेल. ग्रॅनाइटचा डोंगर मातीत गाडला गेला, बाजूच्या मातीत तेल शिजलं, ते जाणार कुठं? डोंगराच्या भेगांत.” ऑफिसात त्यांना मागून ‘पाथरवट’ म्हणत. चौदा वर्षं अर्ज करकरून त्यांना ही एकच विहीर मिळाली होती, तीही नऊ मीटर ग्रॅनाइटपुरती. नऊ मीटर दगड अखंड कापून वर काढायचा, त्यात काही दिसलं तर तेल वाहतं का त्याची चाचणी घ्यायची, नाही तर रिग पुढच्या कामाला जाणार.

आदल्या दिवशी तो दगड वर आला होता. एवढ्या खोलवरून दगड काढतात तो पोकळ लांब नळीतून. नळी रिगवर उभी टांगतात आणि खालच्या तोंडातून दगडाचे तुकडे एकेक करून बाहेर घेतात. रोज हे काम करणारा आमचा माणूस आजारी होऊन किनाऱ्यावर गेला होता, म्हणून तुकडे मी घेतले. दुसऱ्याच मीटरचा तुकडा हातात आला तो भेगाळलेला आणि वास मारणारा. माझ्या तोंडाला पाणीच सुटलं म्हणा. मी पेट्या भरत गेलो आणि खडूने नंबर टाकत गेलो. एक, दोन, तीन, असे नऊपर्यंत. प्रत्येक पेटी एक मीटरची. मग पद्धतीप्रमाणे दगडावर लाल आणि काळी अशा दोन रेघा रंगवल्या, म्हणजे कुठलं टोक वरचं ते कुणी विसरू नये. मी सरांना लिहून दिलं, भेगा वरून दुसऱ्या आणि तिसऱ्या मीटरमध्ये, खालचे सहा मीटर घट्ट.

विहिरीत मोजणीचं उपकरण सोडून हे पडताळायचं होतं. ते उपकरण वाटेतच अडकलं. एक अख्खा दिवस खेचाखेची करून सोडवलं, तेव्हा मुंबईच्या साहेबांनी रेडिओवर सांगितलं की पुन्हा सोडायचं नाही. आता त्या नऊ मीटरचं काय करायचं हे फक्त माझ्या पेट्यांवरून ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ठरलं. मुंबईला भीती होती ती खालून पाणी येण्याची. म्हणून वरचे साडेतीन मीटर मोकळे ठेवायचे, खालचा सगळा भाग सिमेंटने बुजवायचा आणि मग चाचणी घ्यायची. सिमेंट दुपारी तीन वाजता. साहेब रेडिओवर हेही म्हणाले, “प्रभुदेसाई, काहीही गडबड वाटली तर चाचणी रद्द. विहीर बंद करा आणि रिग सोडा.” त्यांच्या आवाजात गडबडीची वाट पाहणं स्पष्ट ऐकू येत होतं. सर मात्र खुशीत होते.

साडेबाराला मी जेवायला गेलो. माझ्यासमोर सावळाराम तांडेल येऊन बसले. देवगडचे, पन्नाशीचे, मडच्या टाक्या सांभाळणारे. ड्रिल फिरत असताना विहिरीत सतत पातळ गाळ सोडतात, त्याला आम्ही मड म्हणतो. तो खाली जातो, वर येतो आणि टाकीत पडतो. टाकी उतरली तर समजायचं, मड खाली दगडात कुठं तरी शिरतोय.

“पाचपुतेनू, एक सांगा,” तांडेल भात कालवत म्हणाले. “तेल वरच्या दगडात गावला म्हणतत ना?”

“हो. दुसऱ्या-तिसऱ्या मीटरात.”

“मगे मड शेवटाक कित्याक उतारलो?”

“कधी?”

“तुमचो दगड कापी होते तेवा. पयले पाच-सहा मीटर टाकी हललीसुदा नाय. शेवटच्या तासाक दहा बॅरल मड गेलो. भेगो वर, तर वर नको जांवक?”

“रिपोर्टमध्ये तर काहीच नाही.”

“ड्रिलर म्हणालो, इतक्याशा मडासाठी कित्याक लिवचा, मुंबयवाले शंभर प्रश्न इचारतले. माका काय, मिया आपला सांगलंय.” आणि ते मासळीकडे वळले.

माझा घास तोंडातच राहिला. नळी उभी टांगलेली होती. तुकडे खालच्या तोंडातून बाहेर आले होते. म्हणजे पहिला बाहेर आलेला तुकडा सगळ्यात खालचा. नंबर नऊपासून सुरू करून उलटे एकपर्यंत यायला हवे होते. आजारी पडलेला तो माणूस नेहमी तसंच करायचा, मी शंभर वेळा पाहिलं होतं. चुनखडी असती, वाळूचा दगड असता, तर थरांवरून वर-खाली कुणालाही कळलं असतं. ग्रॅनाइट वरून, खालून, कुठूनही सारखाच दिसतो. त्याने माझी चूक पोटात घातली होती.

सिमेंटला अडीच तास होते. मी तडक सरांच्या केबिनकडे निघालो. शपथेवर सांगतो, जाताना मी सगळं सांगणार होतो.

सर रेडिओजवळ बसले होते. मला बघून त्यांनी एक कागद उचलून दाखवला.

“ये. तुझा कायम व्हायचा कागद. सही करून ठेवलाय. आता नाशिकच्या सासऱ्याला सांग, तारीख काढा म्हणून.”

माझं लग्न ठरलेलं होतं आणि मुलीच्या वडिलांनी कायम नोकरीचं पत्र पाहिल्याशिवाय तारीख काढणार नाही असं सांगितलं होतं. हे मीच सरांना कधी तरी हसत सांगितलेलं. त्या क्षणी मला तो कागद दिसला आणि सांगायचं ते मी फिरवलं.

“सर, एक विचार होता,” मी म्हणालो. “सगळंच मोकळं ठेवलं तर? सिमेंट न टाकता?”

“मुंबई ऐकणार नाही. कारण काय सांगू?”

“तांडेल म्हणतात, शेवटच्या तासात दहा बॅरल मड गेला. सुरुवातीला नाही.”

सरांचं हसू गेलं.

“भेगा वर असतील तर मड आधी जायला हवा,” ते हळू म्हणाले. “पाचपुते, पेट्यांचे नंबर तू टाकलेस ना? एक नंबर वरचा?”

मला इथे ‘नाही’ म्हणता आलं असतं. एवढाच एक शब्द होता. मी म्हणालो, “हो, सर.”

“हे बघ, मुंबई आता रेडिओवर येणार आहे, मला इथून हलता येत नाही. तू जाऊन पुन्हा बघून ये. नळीच्या तोंडाला पकडीचे दात असतात, दगड खाली निसटू नये म्हणून. ते दात अगदी तळाच्या तुकड्यावर ओरखडे काढतात. तो तुकडा नऊ नंबरच्या पेटीत असायला हवा. आणि चुकलं असेल तर चुकलं. मला येऊन सांग. लागलं तर अर्धा तास मी सिमेंट धरून ठेवतो.”

एवढं सोपं करून दिलं होतं त्यांनी. अजून काय हवं होतं मला?

प्रयोगशाळा म्हणजे डेकवर ठेवलेला एक लोखंडी डबा. मी दार लावून घेतलं. नऊ नंबरची पेटी उघडली. तुकडे गुळगुळीत, एकही ओरखडा नाही. मग एक नंबरची उघडली. पहिल्याच तुकड्याच्या कडेला गोल फिरून आठ ओरखडे होते, मांजरीने नख्या माराव्यात तसे. मी अंगठा फिरवून पाहिला. शंका घ्यायला जागाच नव्हती. तेल तळाशी होतं आणि तीन वाजता आम्ही तळ बुजवणार होतो.

मी स्टुलावर बसलो. तिकडे जुहूच्या तळावर धुकं म्हणून तीन दिवस हेलिकॉप्टर आलं नव्हतं. आम्ही ऐंशी माणसं त्या पत्र्यावर अडकून पडलो होतो. पण मी ज्यात अडकलो होतो तिथं हेलिकॉप्टर येऊन काही उपयोग नव्हता. मी स्वतःशी कारणं रचायला लागलो. हे आता रेडिओवर गेलं तर साहेब म्हणतील, ज्यांना वर-खाली कळत नाही त्यांच्यावर कशाला विसंबायचं, चाचणी रद्द. म्हणजे सरांचंच नुकसान. निदान अर्धी चाचणी तरी होऊ दे. वरच्या भागातही बारीक भेगा असतीलच की. कोण जाणे, तेल तिथूनही येईल. आणि सिमेंट काय, नंतर फोडता येतं.

यातलं प्रत्येक वाक्य मी स्वतःला पुन्हा पुन्हा ऐकवलं. खरं कारण एकच होतं आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. मला तो सही केलेला कागद हवा होता. कंपनीभर माझं हसं व्हायला नको होतं. उलटा दगड लावणारा पाचपुते म्हणून मला आयुष्यभर ओळखलं गेलं असतं.

मी एक नंबरची पेटी बंद केली. वर परत गेलो.

सरांच्या कानाला रेडिओ होता. त्यांनी हाताने तो झाकला आणि भुवया उंचावल्या.

“बरोबर आहे, सर.”

“ओरखडे?”

“नऊ नंबरला आहेत.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी सुस्कारा सोडला. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांचा जीव भांड्यात पडला, ते मी डोळ्यांनी पाहिलं. रेडिओत ते म्हणाले, “हो साहेब, सगळं ठीक. तीनला सुरू करतो.”

सिमेंट सुरू झालं तेव्हा मी डेकवर होतो. तांडेल तोंडाला फडकं बांधून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून हातानेच ‘काय?’ असं विचारलं. मी काही नाही अशी मान हलवली आणि कठड्याकडे जाऊन ओकलो. त्यांना वाटलं, समुद्र लागला.

सिमेंट घट्ट व्हायला एक दिवस गेला, मग विहीर उघडली. जरा फुसफुस झाली, दोन मिनिटं गॅसची पिवळी जीभ दिसली आणि विझली. सर दोन दिवस त्या नळाच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. जेवायला बोलावलं तरी यायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाले, “दगड कोरडा निघाला, पाचपुते. तो वास एका भेगेपुरताच असणार. चूक माझीच. चौदा वर्षं लोक सांगत होते, मीच ऐकलं नाही.”

त्या दोन दिवसांतही सिमेंट फोडता आलं असतं. मी मूग गिळून गप्प बसलो.

अहवाल त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. ग्रॅनाइटमध्ये तेल नाही. पुढची किती तरी वर्षं कुणी ग्रॅनाइटचं नाव काढलं की तो अहवाल टेबलावर आपटला जायचा. माझं लग्न मे महिन्यात झालं. सर आले होते, बायकोसह, आहेर घेऊन.

अकरा वर्षांनी त्याच समुद्रात दुसऱ्या एका विहिरीत ग्रॅनाइटमधून तेल आलं. ऑफिसात पेढे वाटले गेले. कुणी तरी म्हणालं, “आपले पाथरवट बिचारे चुकीच्या ठिकाणी खणत बसले.” सगळे हसले आणि माझ्या हातातला पेढा मला गिळवेना. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी सावंतवाडीची एस.टी. धरली. रात्रभर वाक्यं पाठ करत होतो. सर शिव्या देतील, कदाचित हात उचलतील. उचलू देत, असं मनाशी ठरवलं होतं.

सर ओसरीवर पेपर वाचत होते. वाळले होते. मला ओळखून एवढे खूश झाले की मला बसवेना. उभ्याउभ्याच बोलून टाकलं.

“सर, आपल्या विहिरीच्या पेट्या उलट्या लागल्या होत्या. एक नंबरची पेटी तळाची होती. आपण सिमेंट टाकलं ते भेगांवरच.”

पेपर गुडघ्यावरून खाली घसरला.

“म्हणजे,” ते म्हणाले, “तेल होतं?”

“होतं, सर.”

“अगं!” ते ओरडले. “अगं, बाहेर ये आधी! तेल होतं! ऐकलंस का? ग्रॅनाइटमध्ये तेल होतं!”

ते हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माझे दोन्ही हात धरून त्यांनी हलवले. शिव्यांची तयारी करून गेलेला मी, मला या आनंदाची तयारी नव्हती. अकरा वर्षं ते स्वतःला मूर्ख समजत जगले होते, आणि त्यांना यातून सोडवणारं वाक्य अकरा वर्षं माझ्या खिशात पडून होतं.

काकू पदराला हात पुशीत बाहेर आल्या.

“कधी कळलं रे तुला हे?” सरांनी विचारलं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाठ केलेलं पुढचं वाक्य होतं, ‘त्याच दिवशी, सर.’

“मागच्या महिन्यात,” मी म्हणालो. “जुन्या पेट्या तपासताना. एक नंबरमध्ये पकडीचे ओरखडे दिसले.”

“आणि लगेच एवढ्या लांब सांगायला आला! बघितलंस?”

“पण पाचपुते तेव्हाच बघून आले होते ना?” काकू म्हणाल्या. “तुम्ही नेहमी सांगता. सिमेंट टाकायच्या आधी यांना पाठवलं होतं म्हणून.”

“अगं, तेव्हा नजरेतून सुटलं असेल. पोरगा होता तो. ग्रॅनाइट भल्याभल्यांना फसवतो.”

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली पाहिलं.

मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. सर जेवताना अखंड बोलत होते, भेगा कुठून कुठे जात असतील ते ताटातल्या भातावर बोटाने काढून दाखवत होते. दोनदा भात मागून घेतला.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या.

“ओरखडे तुम्ही तेव्हाच पाहिलेत,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

“हो.”

“अकरा वर्षं हे घास हातात घेऊन मध्येच थांबायचे. म्हणायचे, चूक माझीच. आज पहिल्यांदा पोटभर जेवले.” त्यांनी फाटकाची कडी काढली. “आता मागच्या महिन्यातच कळलं, असंच राहू दे. आणि पुन्हा येऊ नका. तुम्ही येत राहिलात तर कधी तरी तोंडातून निघेल.”

मी पुन्हा गेलो नाही. दर दिवाळीला सरांचं पत्र यायचं. ‘एकदा ये, भेगांवर बोलायचंय, वाट बघतो.’ मी कामाचं निमित्त लिहून पाठवायचो. अशी चार पत्रं आली. पाचव्या वर्षी पाकिटावर काकूंचं अक्षर होतं. सर गेल्याचं त्यांनी कळवलं होतं, तेरावं उरकल्यावर.